भेग मिटली म्हणता

पिंपळी, ता. बारामती
६ जून २०२४

धोंडीबाराव व्याही यांस पिंपळीहून कुंडलिकचा रामराम.

खुशाली विचारत नाही. तुमची सगळ्यांची खुशाली मी परवा डोळ्यांनी पाहून आलो आणि तेव्हापासून मला झोप नाही. फोन केला असता, पण फोनवर माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तुम्ही "हॅलो, हॅलो" करून ठेवून देता. शिवाय तोंडी बोललेलं तुम्ही पुढे कबूल करत नाही. म्हणून लिहून देतो. विकीचा भाजीचा टेंपो बावड्याकडून बारामतीच्या बाजाराला येतो, तोच हे पत्र परत नेईल. तो वाटेत वाचतो हे मला ठाऊक आहे. विकी, वाचून झालं की घडी नीट घाल.

आता मुद्द्याचं. माझी अनिता तुमच्या घरात नांदते. तिची दोन लेकरं तुमच्या घरात झोपतात. त्या घराच्या मागे, न्हाणी आणि नदी यांच्या मध्ये, जमिनीला भेग पडली आहे. मी तीत बाभळीची काठी घातली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि तळाला टेकली नाही. नदीकडचा तुकडा जरासा खाली बसल्यासारखा वाटला, म्हणून मी वाटीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवून पाहत होतो. प्रगती म्हणाली, "आज्जा, वाटीत काय बघताय?" मी म्हटलं, तुझ्या दुसऱ्या आज्याची अक्कल कोणत्या बाजूला कलली आहे ते बघतोय.

तुम्हाला हाताला धरून नेलं तर तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "काळी हाय, व्याही. काळी उन्हाळ्यात भेगाळतीच. पावसात मिटंल." आणि पिंक टाकलीत, ती नेमकी भेगेत. एवढ्यावर विषय संपला असं तुम्हाला वाटलं.

मी सातवीपर्यंत शिकलो, त्यातही सातवी दोनदा. पण उन्हाने पडलेल्या भेगा रानभर पसरतात, जाळ्यासारख्या, एवढं मला कळतं. ही एकटीच आहे आणि नदीच्या कडेने सरळ गेली आहे. ती कशाची आहे हे मला सांगता येत नाही. जे सांगता येत नाही त्याच्या शेजारी माझी मुलगी भांडी घासते.

रस्त्याकडेला तुमचा माळ नुसता पडून आहे. पावसाच्या आत तिथे पत्र्याचं का होईना, घर हलवा. याला अक्कल लागत नाही, फक्त बैलगाडी लागते.

कुंडलिक


नदीकाठची वस्ती, बावड्याजवळ
१२ जून

कुंडलिकराव, पत्र मिळालं. घडी नीट नव्हती.

तुम्हाला आधीच सांगून टाकतो, आम्हाला तुमच्या पत्रांची सवय आहे. मागच्या साली मोबाईलच्या टॉवरने नातवंडांचे केस गळतील असं तुम्ही लिहिलं होतंत. त्याच्या आदल्या साली गॅसची टाकी फुटणार होती. एकदा तर आमच्या शेवग्यावर वीज पडणार होती, आणि ती पडली नाही म्हणून तुम्ही नाराज झाल्यासारखे वाटलात. या सालाची भेग दिसते. असू द्या. माणसाला काहीतरी उद्योग हवा.

तुम्ही पिंपळीचे. तुमच्याकडे पाणी पाटाने येतं, पाळी लावून, वरच्याने दार उघडलं तर. तुमचा जन्म पाटकऱ्याचं तोंड बघण्यात गेला. नदी कशाशी खातात हे तुम्हाला काय कळणार? पाट सरळ असतो, त्याला काठ बांधलेले असतात, तो सांगितलेल्या दिवशी येतो आणि सांगितलेल्या दिवशी जातो. नदीला असलं सांगकाम्यासारखं वागणं जमत नाही. ती इकडची थोडी माती उचलते, पैलथडीला माळशिरसच्या हद्दीत टाकते, कधी तिकडची इकडे आणते. तो तिचा घरगुती व्यवहार आहे. बाहेरच्याने त्यात तोंड घालू नये. आमचं घराणं सात पिढ्या या काठावर आहे.

आणि काय हो, मुलगी द्यायला आलात तेव्हा तुम्ही मुलाचं शिक्षण विचारलं नाही. सरळ रानात उतरलात, मूठभर माती उचलून नाकाला लावलीत आणि उभ्या उभ्या सुपारी फोडायला तयार झालात. ती माती काय आभाळातून पडली होती? नदीनेच आणलेली ती. तेव्हा नदी गोड लागली.

माळाचं म्हणाल तर तिथे शेळ्यासुद्धा नाइलाजाने चरतात. कुदळ मारली की ठिणगी उडते. असल्या जागी आमच्या म्हातारीला, पुतळाबाईला, नेऊन ठेवू, म्हणजे गावाने म्हणावं की धोंडीबा नदीला भ्याला?

तुमच्या समाधानासाठी भेगेत शेणकाला ओतून घेतला. पाण्याची मोटारही आता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली घेतली आहे. पूर्वी चिंचेखाली होती तेव्हा फार लांब पडायची. आता खिडकीतून हात घालून बटण दाबता येतं. एवढी सोय तुमच्या पिंपळीत कुणाच्या बापाकडे नसेल.

धोंडीबा


पिंपळी
३ जुलै

धोंडीबाराव,

तुमचं पत्र मी चारचौघांत वाचलं नाही, कारण चारचौघांत तुमची अब्रू माझी अब्रू आहे.

एकच विचारतो. चिंच कुठे गेली?

अनिताच्या लग्नात मांडव चिंचेखाली होता. मला चांगलं आठवतं, तुमच्याकडची पंगत उठेना म्हणून आमची माणसं चिंचेच्या मागे उसाच्या बांधावर ताटकळत बसली होती. म्हणजे चिंचेच्या मागे बांध होता, बांधामागे ऊस होता आणि ऊस संपल्यावर खाली उतरलं की नदी होती. हात धुवायला जायचं तर माणसं कंटाळत होती. गेल्या महिन्यात मी तुमच्या परसात उभा राहिलो, भेग पाहिली, वाटी ठेवली, आणि चिंच दिसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. इतका मी भेगेला भ्यालो होतो.

तेव्हा मोटारीची सोय झाली हे खरं, पण तुम्ही मोटार नदीपासून लांब आणलीत आणि तरी नदी खिडकीत आली, हे कसं? मोटार चालत आली की नदी? ऊस गेला, बांध गेला, चिंच गेली, आणि तुम्ही मला बटण दाबता येतं म्हणून कळवता. घरात साप शिरला तर तुम्ही आता दोरी विकत आणायला नको म्हणाल.

तुम्ही हलणार नाही हे मला समजलं. मग माझा हक्काचा मार्ग मी धरतो. पंचमीला अनिताला मुलांसकट माहेरी न्यायचं आहे. तिचा भाऊ अविराज पुण्याला कंपनीत आहे, त्याला सुट्टी नाही. मुऱ्हाळी म्हणून मीच येतो. माहेरचं माणूस न्यायला दारात उभं राहिलं की सासरने नाही म्हणायचं नसतं, एवढी रीत नदीकाठी शिल्लक असेल असं धरून चालतो.

कुंडलिक


नदीकाठची वस्ती
१४ जुलै

कुंडलिकराव,

भेग मिटली.

मृगाने दगा दिला, पण आर्द्रा झोडपून पडल्या आणि पहिल्या दोन दिवसांतच परस पाटीसारखं सपाट झालं. तुमची बाभळीची काठी आता कुठे घालणार ते कळवावं. तुमच्या जावयाने, सुयोगने, ती जागा पायाने तुडवून पाहिली. तुमचंच रक्त म्हणून अनितालाही बोलावून दाखवली. ती हसली. म्हणाली, "तात्यास्नी येकदा बघू द्या. भेग दिसंना म्हनल्यावर त्यास्नी नवी काळजी धुंडावी लागंल." तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा जास्त समज आहे, ती कुणाकडून आली याचा आम्ही घरात विचार करतो.

चिंच तीन सालांमागे म्हातारी होऊन पडली. झाडं पडतात. माणसंही पडतात. त्यात नदीचा संबंध नाही.

मुऱ्हाळी होऊन बाप येतो हे आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. भाऊ येतो, भाऊ नसला तर चुलतभाऊ येतो. पण तुम्हाला हौस असेल तर या, पोरं टाळ्या वाजवतील. ३ ऑगस्टला न्या. पंचमी ९ ची. दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी बाईमाणूस बाहेर काढायचं नाही. ११ ला, रविवारी, दिवस मावळायच्या आत माझी सून माझ्या उंबऱ्यात हवी.

हा सणाचा बहाणा मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही सणाला नेत नाही, घर रिकामं करता. सून आणि नातवंडं भर पावसात माहेरी गेलेली दिसली की लोक पहिलं हेच म्हणणार की धोंडीबाचं घर आता जातंय. तरीही पाठवतो, कारण रीत मोडणारा मी नाही.

धोंडीबा


पिंपळी
६ ऑगस्ट

धोंडीबाराव,

हे पत्र कोण नेणार ते माहीत नाही. ओढ्यांवर पाणी आहे म्हणून विकीचा टेंपो दोन दिवस आला नाही. तरी लिहितो, कारण हात स्वस्थ राहत नाहीत.

धरणातून पाणी सोडलं असं सगळे सांगतात. कुणी किती सांगतं, कुणी किती. मोबाईलवर पुलाचं चित्र दाखवतात, त्यात पूल दिसत नाही. अनिता तुमच्याशी सकाळ-संध्याकाळ बोलते आणि मला म्हणते, "समदं ठीक हाय, तात्या, तुमी जेवा." समदं ठीक असतं तर ती फोन घेऊन गोठ्यात का जाते? माझ्यासमोर बोलत नाही.

पुतळाबाईंना आणि सुयोगला घेऊन निघा. पिंपळीला या. इथे तुमचा मान राखला जाईल. पाटकऱ्यावरून जे काही बोललात ते आजच्या दिवशी मी विसरलो असं समजा. पाणी उतरल्यावर परत आठवीन.

तुमची विहीण फुलाबाई म्हणते की एवढं रागावून माणसं बोलावतात का. तिला सांगा मी रागावलेलो नाही.

कुंडलिक


नदीकाठची वस्ती
१० ऑगस्ट

कुंडलिकराव,

तुमचं ६ चं पत्र आज मिळालं, म्हणजे पूर येऊन, राहून, परत गेल्यावर. असंच पत्र पाठवत जा, उपयोगी पडतं.

पाणी आलं होतं. गोठ्याच्या भिंतीला लागलं. म्हैस सोडून रस्त्यावर बांधली, बाकी आम्ही कुणी उंबरा सोडला नाही. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. पैलथडीची माणसं ट्रॅक्टरवर भांडीकुंडी लादून पळत होती. मला त्यांची कीव आली. चार दिवस नदी फुगून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होतो. परवा रात्रीतून एवढी झपाट्याने उतरली की सकाळी नुसता ओला काठ राहिला. तिला कळलं असावं कुणाचं दार आहे ते.

तुमच्या भेगेच्या जागी एक रेघसुद्धा नाही. पावसाचं पाणी परसात साचलं होतं, गुडघ्याला लागेल इतकं. पंचमीच्या दिवशी सकाळी सुयोग फावडं घेऊन निघाला, म्हणाला, "आबा, चर काडून वढ्याला लावून देतो." मी फावडं हातातून घेतलं. पंचमीला जमिनीला लोखंड लावायचं नाही. वर्षातून एक दिवस तरी तिला खणू नये, चिरू नये, एवढं आजच्या पोरांना समजावं लागतं. तो कुरकुरला. पुतळाबाई म्हणाली, एक दिवस पाणी राहिलं तर काय बुडतं?

आणि बघा, करीच्या सकाळी उठून पाहतो तर परस कोरडं. चर नाही, काही नाही. सगळं पाणी आपोआप जिरलं. याला म्हणतात पाळलेल्या सणाचं फळ. तुम्ही असता तर फावडं घेऊन पंचमीच्या दिवशी रान चिरत बसला असता.

उद्या रविवार. सून आणि नातवंडं वेळेवर यावीत. नवा बहाणा ऐकायची माझी तयारी नाही. उद्या आली नाही तर ठेवून घ्या, कायमची. मी धोंडीबा आहे, परत न्यायला मुऱ्हाळी पाठवणार नाही.

धोंडीबा


पिंपळी
११ ऑगस्ट

धोंडीबाराव,

प्रगतीला कालपासून ताप आहे. अंग तव्यासारखं तापलं आहे. डॉक्टरने हलवू नका म्हणून सांगितलं. चार-सहा दिवसांत आणून सोडतो.

ठेवून घ्या असं तुम्ही लिहिलंत. तेरा वर्षं नांदलेली मुलगी बापाच्या घरी ठेवून घेतली तर पिंपळीत मला तोंड दाखवायला जागा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही नेमकं तेच लिहिलंत. तो शब्द परत घ्या. मी तुमच्या पाया पडतो. हे वाक्य विकीने वाचलं तरी चालेल.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ते पाणी गेलं कुठे?

पंधरा दिवस पावसात भिजून फुगलेली काळी पाणी पीत नाही. तुमच्या रानात ऊस उभा आहे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. ओल्या काळीत पाणी आठ-आठ दिवस तुंबून राहतं आणि आपण तिला शिव्या देतो. मग तुमच्या परसातलं गुडघाभर पाणी एका रात्रीत कुणी प्यायलं? वरून गेलं नाही, चरातून गेलं नाही. मग खालून गेलं. खाली कुठे? खालून बाहेर कुठे?

मला उत्तर माहीत नाही. मी रात्रभर अंथरुणावर बसून तेच विचारतो. फुलाबाई म्हणते की पाणी गेलं तर गेलं, तुमची झोप कशाला घेऊन गेलं. तुम्ही हसाल. हसा. पण हसून झाल्यावर परसात जा आणि जमिनीला कान लावा.

कुंडलिक


माळावरची शेळ्यांची छपरी, बावड्याजवळ
१४ ऑगस्ट

कुंडलिकराव,

सून पाठवू नका. पाठवायला घर नाही.

सुयोगने फोनवर सांगितलं असेलच. तो घाबरून सांगतो, त्यात मागचं पुढे होतं. नीट झालं ते असं.

सोमवारी सकाळी पुतळाबाई चहा ठेवायला स्वयंपाकघराचं दार उघडू लागली, तर उघडेना. रात्री सहज लागलेलं दार. मी म्हटलं, पावसाने लाकूड फुगलं, लाथ मार. तिने मारली नाही. ती भिंतीकडे बघत होती. वरून खाली गिलाव्याला चीर गेली होती आणि आम्ही बघत असताना ती रुंद होत होती, घाई न करता, गाय आंबोण खाते तशी. सुयोग ओरडला, "आबा, भायेर". त्याने आईला उचललं. मी माझ्या पायांनी आलो.

मला वाटत होतं नदी घर नेते तेव्हा गर्जना होत असेल. काही नाही. स्वयंपाकघर, न्हाणी, मागची खोली, शेवग्यासकट सगळं परस जसंच्या तसं खाली बसलं. खुर्चीवर माणूस बसतो तसं. शेवगा खाली जाऊनही उभाच होता, शेंगांसकट, आणि त्याच्या बुंध्याशी नदी. मग हळूहळू त्याच्या पायातली माती विरघळली आणि तो आडवा झाला. पूर होता तेव्हा पाणी काठाला टेकून उभं होतं, पाणी गेलं तसा काठाचा टेकू गेला. आत तुमचं ते गुडघाभर पाणी होतंच. एवढं मला आता कळतं. तुम्हाला पत्रात हेच म्हणायचं होतं की नुसती भीती वाटत होती, ते तुम्हालाही माहीत नाही, तेव्हा फार फुशारू नका.

समोरच्या दोन खोल्या उभ्या आहेत, पण त्यांना पाठ नाही.

आता तुम्ही सात पिढ्यांवरून टोमणा माराल, त्याआधी मीच सांगतो. माझ्या आज्याचं घर आज पैलथडीच्या वाळूत आहे, दुसऱ्याच्या सातबारावर. बापाचं घर पात्राच्या मधोमध. हे तिसरं. आमच्यात प्रत्येक पिढीला घर तीस पावलं मागे घ्यायची वहिवाट आहे, फक्त ती आम्ही सोयऱ्यांना सांगत नाही. तेव्हा यात नवल काही नाही. दिवाळीपर्यंत काळीतच तीस पावलं मागे सरकून बांधीन. माळावर मी राहणार नाही. आत्ता आहे तो शेळ्यांच्या उपकाराने आहे.

नातीचा ताप कसा आहे? सुयोगला अनिता म्हणाली की ताप अंगणात लंगडी खेळत होता.

धोंडीबा


पिंपळी
१६ ऑगस्ट

धोंडीबाराव,

ताप नव्हता. तो मला होता, मी प्रगतीच्या नावावर लिहिला. याबद्दल तुम्ही मला बोलणार असाल तर आधी स्वतःला विचारा की रविवारी ती आली असती तर सोमवारी सकाळी चहा ठेवायला कोण उठलं असतं. पुतळाबाई का अनिता? मी विचारतो आणि पुढे विचारवत नाही.

तुमचं पत्र मी काल जोरात वाचलं. अनिता ओट्यावर गवार मोडत बसली होती. तीस पावलांपाशी आलो तेव्हा तिने हात थांबवला.

"परत वाचा, तात्या."

मी परत वाचलं.

"मामंजी परत काळीतच बांधनार?"

"तीस पावलं मागं सरून."

"आन माझ्या सुनंनं आनिक तीस पावलं?"

मी पत्राची घडी घातली. ती म्हणाली, "मी उद्याच्याला टेंपोनं जाते. घर माळावर व्हनार आसंल तर नांदीन. काळीत व्हनार आसंल तर हितं ऱ्हाईन, तुमच्या उरावर."

मी हात जोडले. म्हटलं, बाई, असं बोलू नको, लोक काय म्हणतील?

"लोक?" ती म्हणाली. "लोकं म्हनली व्हय भेग हाय म्हनून? तवा तर तुमी येकलंच वरडत हुता. मीबी हासले."

एवढं ती म्हणाली, आणि खाली बघून परत गवार मोडू लागली. तुम्हाला कळवायचं कारण एवढंच की तुम्हीही हसला होतात.

मी म्हटलं, तुझे मामंजी ऐकायचे नाहीत. तर म्हणाली, "त्यास्नी कोन इचारतंय. छप्पर मी घालते. ज्येला वल्या काठावर बसायचं त्येनं बसावं, जेवान माळावर मिळंल."

आज ती या पत्राबरोबर येते आहे. टेंपोत बांबू आहेत, ताडपत्री आहे, पहार आहे. मुलं शाळेमुळे तूर्त इथे ठेवली. तिला अडवून बघा, म्हणजे नदी काहीच नाही हे तुम्हाला समजेल.

माळाचं मी जूनमध्ये सांगितलं तेव्हा तो वेडेपणा होता. आता ते तिचं म्हणणं आहे. तसं धरल्याने तुमचा अपमान कमी होत असेल तर तसं धरा.

माळावर वारं जोराचं असतं. पत्रे उडून माणसं कापल्याचं मी ऐकलं आहे. पत्र्यांवर वाळूची पोती टाका. मुरमात विंचू असतात. पुतळाबाईंना अनवाणी फिरू देऊ नका. आणि तुम्ही त्या उरलेल्या दोन खोल्यांत जाऊन बसत असाल तर बसू नका. अनिता म्हणते मी हे लिहू नये, तुम्ही मुद्दाम जाऊन बसाल.

कुंडलिक


माळ, बावड्याजवळ
२० नोव्हेंबर

कुंडलिकराव,

तुमची सहा पत्रं आली. सहाही वाऱ्याबद्दल होती. वारं आहे. पत्रे अजून इथेच आहेत.

घर झालं. जिथे अनिताने पहार रोवली तिथेच झालं. मी काळीत आखणी करून दोरी बांधली होती, ती दोरी तिने सोडून आणली आणि तिच्यावर इथे कपडे वाळत घातले. सुयोग बायकोच्या बाजूने. पुतळाबाई काही बोलली नाही, पण पहिल्याच दिवशी तिने चूल इथे मांडली, म्हणजे बोलणं झालंच. मुलांना पाठवलंत ते बरं केलंत. प्रगती ढेकळात वाढलेली, तिला इथे पळताना खडे टोचतात. टोचू देत.

माळ हा राहायचा प्रकार नव्हे. पाया खणताना गड्यांनी तिप्पट मजुरी मागितली आणि ती रास्त होती. तुळस लावायला खालून पाटीभर काळी आणावी लागली. पायाखाली काही दबत नाही, काही ओलं होत नाही, जागच्या जागी नुसतं राहतं. असल्या जमिनीला माणसाने काय बोलायचं? तुम्हाला मात्र ही फार आवडेल. तुमच्यासारखीच आहे, कोरडी आणि टोचणारी. पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. या. मुऱ्हाळी म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून. अनिता म्हणते तुम्ही आल्यावर आधी पत्रे मोजाल.

उरलेल्या दोन खोल्या दसऱ्याच्या आसपास गेल्या. मी तेव्हा त्यांत बसलो नव्हतो. बाहेर बसलो होतो.

खालच्या काळीत हरभरा पेरला. सुयोग म्हणाला, "आबा, कडंच्या वळी सोडा. त्या काय आपल्याला मिळायच्या न्हाईत." मी कडेपर्यंत पेरल्या. त्याला वाटलं म्हाताऱ्याची खोड गेली नाही. नदी त्या ओळी नेणार हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाहुणी निर्लज्ज आहे, पण आमच्या दारची आहे. तिला रिकाम्या हाताने कशी लावून देऊ?

धोंडीबा